मागे घेतलेले पत्र

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हा प्रश्न पत्नीच्या हयातीत मला कोणी विचारला नाही. देवाचे सगळे तिच्याकडे होते. माझ्याकडे पत्रव्यवहार होता. अकोल्याच्या न्यायालयात मी कारकून म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि त्यानंतरचा सगळा वेळ अन्यायाविरुद्ध पत्रे लिहिण्यात घातला. नळाला गढूळ पाणी आले, बस थांब्यावर न थांबता गेली, रस्ता खोदून तसाच टाकला, की संबंधितांस माझे पत्र गेलेच म्हणून समजावे, तेही पोचपावतीसह. लिहिलेले एकही पत्र मी जन्मात मागे घेतले नव्हते. याचा मला अभिमान होता. तो कसा उतरला, ते येथे लिहीत आहे. मी हे चमत्कार म्हणून मांडत नाही. पुरावा म्हणून ते टिकणार नाही, हे माझ्याइतके कोणाला कळणार?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या वस्तीत हृदयरोगावर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टर बाई काम करू लागल्या. मूळच्या अमरावतीच्या, वयाने माझी मुलगी शोभतील एवढ्या. बायकांचा हृदयविकार उशिरा का कळतो आणि धोका कोणाला अधिक, हे शोधण्यासाठी पन्नाशीपुढच्या स्त्रियांना घरोघरी तपासायचे, असे ते काम होते. रक्तदाब, साखर, कमरेचे माप, हृदयाचा आलेख आणि एक लांबलचक प्रश्नावली. मी त्या दिवशी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. परत आलो तर कुसुम, माझी पत्नी, पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेली. पोलक्याची बाही वर सरकवलेली, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, आणि समोर त्या संशोधनाच्या कामावरची एक बाई मांडीवर कागद घेऊन उत्तरे लिहीत होती. दोघी कशावरून तरी हसत होत्या.

मी आधी संमतीपत्र मागितले. कुसुमची सही झालेली होती. इंग्रजी आणि मराठी प्रती शेजारी ठेवून मी उभ्याउभ्याच वाचू लागलो, आणि सातव्या पानावर मला हवे ते सापडले. तपासणीमुळे काही इजा झाल्यास उपचाराची जबाबदारी संस्थेची, हे इंग्रजीतले कलम मराठी प्रतीतून गळाले होते. ज्या भाषेत सही घ्यायची, त्याच भाषेत हक्क नाही! माझा आवाज चढला. ही संमती सदोष आहे, असे जाहीर करून मी माझ्या हाताने कुसुमच्या दंडावरचा पट्टा सोडला. त्यात अजून हवा भरायची होती.

"आता माह्या दंडावरई स्टे आणता का?" कुसुम म्हणाली. ती हसतच होती. ती बाई हसली नाही. तिने सामान आवरले आणि निघून गेली.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टर बाईंना आणि त्यांच्या नीतिसमितीला पत्र लिहिले. कलम दुरुस्त करावे. माझ्या पत्नीकडून घेतलेली माहिती नष्ट करून तसे लेखी कळवावे. आणि तिने सांगितलेली कोणतीही गोष्ट कोणीही, कोणालाही, कधीही सांगू नये. पंधरा दिवसांत उत्तर आले. चूक मान्य होती, क्षमा मागितली होती, दुरुस्त संमतीपत्र जोडले होते. भरलेले पान नष्ट केल्याचा दाखला होता. शेवटी विचारले होते, पुन्हा तपासणीस येऊ का? मी जिंकलो होतो. पण क्षमा मागण्याच्या शब्दरचनेवर माझे आणखी दोन आक्षेप होते. "येऊ द्या नं त्याइले," कुसुम म्हणाली. मी म्हणालो, आधी प्रत्युत्तर जाऊ दे. "तुमच्या पत्राले उत्तरं देता देता त्या डॉक्टरीन बाईलेच झटका येईन एखाद्या दिवशी," असे म्हणून ती देवघराकडे वळली.

त्या प्रत्युत्तराचे चार मसुदे मी केले. पाचवा झाला त्या गुरुवारी सकाळी कुसुम तुरीची डाळ निवडत बसली होती. म्हणाली, जबडा दुखून राह्यला, पाठीत बी कसंतरी होते, मळमळते. मी म्हणालो, दाढ असेल. संध्याकाळी दाताच्या डॉक्टरकडे जाऊ. पोस्टाची खिडकी दुपारी बंद होते म्हणून मी निघालो. रांगेत तिघे होते. पावती घेतली, नीट घडी करून खिशात ठेवली, घरी आलो. डाळ निवडायचे सूप जमिनीवर होते, खडे वेगळे काढलेले होते, आणि ती भिंतीला टेकून बसलेली होती. मी दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला मी तिच्यावर रागावलेला होतो, हेही येथे नमूद करणे मला भाग आहे. उत्तर का देत नाही, म्हणून.

पुरुषाचे हृदय छातीत दुखते आणि बाईचे पुष्कळदा जबड्यात, पाठीत, नुसत्या मळमळीत बोलते, हे मला इस्पितळात सांगण्यात आले. डॉक्टर बाई तेच सांगायला दारोदार फिरत होत्या. तेराव्यानंतर मी त्यांनाच पत्र लिहिले. असे रागीट पत्र मी कोणाला लिहिले नसेल. एका म्हाताऱ्याच्या हेकेखोरपणासमोर आपण माघार का घेतली? आपल्याला धोका ठाऊक होता, मला नव्हता. मग आग्रह का धरला नाही? खुलासा करावा. उत्तर हाताने लिहिलेले आले, दोन ओळींचे. आपण मागितलेला खुलासा माझ्यापाशी नाही. मी आणखी एकदा दारात यायला हवे होते. ते पत्र फाईलला लावताना प्रथमच मला वाटले, आपण हरावे अशी जागा कोठेतरी असावी.

मग एकच गोष्ट मला छळू लागली. त्या पानावर कुसुमने काय सांगितले होते? तिला त्रास होत होता का? होत असेल तर मला का सांगितला नाही? ते जगात एकाच कागदावर लिहिलेले होते, आणि तो कागद माझ्याच आदेशाने नष्ट झाला होता. दाखला माझ्या फाईलमध्ये होता.

फाल्गुनात तिचा देवघरातला डबा उघडला. आत ओटीचे तीन खण आणि एक चिठ्ठी होती. अमरावतीबाहेर टेकडीवर तिच्या माहेरची देवी आहे. त्या देवीची पाच मंगळवार ओटी भरायचा नवस कुसुम बोलली होती. दोन ओट्या भरून झाल्या होत्या. नवस कशासाठी, ते लिहिलेले नव्हते. माझी श्रद्धा असो वा नसो, कबूल केलेले देणे माणसाबरोबर मरत नाही, वारसावर येते, एवढा कायदा मला कळतो. मी बसने अमरावतीला जाऊ लागलो. अडचण अशी की देवीची ओटी बाईनेच भरायची. आयुष्यभर कोणापुढे हात न जोडलेला मी पायऱ्यांवर अनोळखी बायकांना विनवू लागलो, माझ्या पत्नीच्या नावाने एवढी ओटी भरता का? पहिले दोन मंगळवार पुजाऱ्याच्या पत्नीने भरली.

शेवटच्या मंगळवारी बस मूर्तिजापूरपुढे बंद पडली. मी तक्रारीसाठी बसचा नंबर टिपून घेतला. टेकडीशी पोहोचेतो दुपार टळली होती, पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हते. निम्म्या वाटेत माझा श्वास असा अडकला की मी मटकन बसलो. बसल्या बसल्या मनात देवीलाच पत्र लिहू लागलो. जिने तुला पाच ओट्या कबूल केल्या, तिला तिसरी भरण्याइतका अवधी आपण का दिला नाही? सात दिवसांत खुलासा करावा. मला रडू येत होते आणि मी मसुदा करीत होतो.

वरून एक बाई उतरत होती. माझ्याकडे पाहून थांबली, पिशवीतून संत्रे काढून सोलून माझ्या हातावर ठेवले. "खा काका. शेंदूरजनाघाटचं हाये, माह्या भावाच्या बगीच्यातलं. हळू श्वास घ्या." दोन फोडी खाल्ल्यावर मी तिला ओटीची विनंती केली. ती लगेच माघारी वळली. माझा हात धरून, दर पाच पायऱ्यांना थांबवत तिने मला वर नेले. देवीपुढे तांदूळ, नारळ, खण मांडून तिने विचारले, "कोणाच्या नावानं भरू?" मी म्हणालो, कुसुमच्या, अकोल्याची, माझी पत्नी, माघात वारली.

तिचा हात तांदळातच थांबला. "तुमी ते संमतीपत्रवाले काका?"

मी तिला ओळखले नव्हते. "कसे ओळखान?" ती म्हणाली. "मी संगीता. त्या दिवशी तुमी माह्याकडं पाह्यलंच कुठी? कागदच पाहून राह्यले होते." ओटी भरून झाली. आम्ही सभामंडपात बसलो. मी विचारले, त्या दिवशी कुसुम काय म्हणाली होती? संगीताताईंनी नकारार्थी मान हलवली. "मले सांगता येत नाई काका. तुमचंच पत्र हाये तसं. आम्हाले वाचून दाखवलं होतं. कागद तर फाडला. आठवण कशी फाडू, म्हणून तशीच ठेवली."

मी म्हणालो, "ते पत्र मी मागे घेतो."

"लेखी द्याल?"

"नाही. तोंडी. देवीसमोर."

त्यांनी पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले. मग सांगितले. "चढताना दम लागते का, असं मी इचारलं. त्या म्हणाल्या, लागते, पण वर माय हाये म्हणून चढते. मी म्हटलं, घरी कोणाले सांगतलं? तर म्हणे, घरी काय सांगू, मायले सांगतलं. अन् मंग म्हणाल्या, बाई, मले नंतर लावा हे मशीन, आधी त्याइले लावा. त्याइले राग लई येते, निजल्यावरई छाती धडधडते, मी हात ठेवून पाह्यते नं. पाच ओट्या त्याइच्यासाठीच बोलली हावो. हे आयकून मी म्हटलं, काकांले सांगू का? तर हसल्या. म्हणे, सांगू नका, नाहीतर ते देवीलेच पत्र लिहितीन."

तेव्हाच मी आत आलो होतो. त्या दोघी हसत होत्या त्या यावरच.

संगीताताईंनी तेथूनच डॉक्टर बाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्यात त्यांच्यासमोर बसलो. सवयीने संमतीपत्र मागितले. त्या म्हणाल्या, "काका, अभ्यास बायकांचा आहे. तुम्ही त्यात बसत नाही. तुमची सही कुठेच नको." वाचायला माझ्या हाती कोणताच कागद नव्हता. दंडाला पट्टा बांधला गेला, हवा भरू लागली. रक्तदाब पाहून त्यांनी लगेच हृदयाचा आलेख काढायला घेतला. पुढे तपासात हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. वेळेत निघाला. म्हणून हे लिहायला मी आहे.

तिचा नवस फळला आणि ती नाही, याचे समाधान मानावे की दुःख, हे मला ठरवता येत नाही. ठरवण्याचा अधिकार माझा आहे, असेही आता वाटत नाही. देवीकडे मागितलेला खुलासा मी सोडून दिला आहे. दुरुस्त केलेले ते कलम आता मराठीतही आहे, आणि सही करण्यापूर्वी वस्तीतल्या बायकांना ते मी वाचून दाखवतो. वाचून झाले की गप्प बसतो, त्यांना बोलू देतो. एवढे मला कुसुमच्या बाबतीत जमले असते, तर! तिने मागितले ते स्वतःसाठी नव्हते, आणि ज्या दाराशी मागितले तेथून ते मला मिळाले. त्या दारापुढे माझे डोके आता आपोआप वाकते.

त्या सकाळी पट्टा दंडावर घट्ट होत गेला, तो नेमका एखाद्याने हात धरून ठेवावा तसा. डॉक्टर बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, चढताना दम लागतो का? लागतो, मी म्हणालो. घरी कोणाला सांगितले होते?

चाळीस वर्षे मी कचेरीची भाषा बोललो. त्या वेळी तोंडून आपसूक आले ते तिचेच होते.

"मायले सांगतलं."