उन्हात वाळवलेलं शेवाळ

समुद्रातलं शेवाळ घरात आणणारा नवरा देव वैऱ्यालाही न देवो! काळाचौकीच्या चाळीत आमची एकच खोली, आणि आमचे हे ओहोटी गाठून वरळीच्या खडकांवरून पिशवीभर शेवाळ आणायचे. शेजारची चंपा नाकाला पदर लावायची. हे माटुंग्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिपाई. सात वर्षं राबले, तरी टेंपररीच.

तिथे टाक्यांतल्या माशांच्या शेपट्या कुजायला लागल्या होत्या. जगदीश सरांनी शेवाळाचा अर्क काढून त्या रोगाच्या जंतूंवर टाकला, तर जंतू मेले. आता अर्क टाकीत घालायचा होता. मासे जगले तर तुला कायम करायला वर लिहितो, असं सर बोलले. त्या दिवशी हे चक्क शीळ वाजवत घरी आले.

नेमकं तेव्हाच संयुक्त महाराष्ट्राचं पेटलं. गोळीबार, कर्फ्यू. हे कॉलेजातच तीन दिवस अडकले आणि इकडे नुकतं आणलेलं शेवाळ पिशवीत ओलंच. एरवी हे ओलंच कॉलेजात न्यायचे, या खेपेला सरांना वाळवून हवं होतं. ते कुजलं तर ह्यांची नोकरी कुजली, एवढंच माझ्या डोक्यात. मी वेंगुर्ल्याची. बांगडा असो की सुंगटं, वाळवायचं म्हणजे कडक उन्हात, हे जन्मापासून बघितलेलं. गॅलरीत दोरीवर घातलं आणि खडखडीत केलं. कर्फ्यू उठल्यावर हे आले, डोळे लाल, दाढी वाढलेली. "शाबास गो," म्हणाले आणि पिशवी घेऊन उलट पावली गेले. कुठे वाळवलं, हे विचारायचंही त्राण नव्हतं.

चार दिवसांनी मी डबा घेऊन गेले, तर टाकीत मासे उलटे तरंगत होते. सर उरलेलं, पांढरं पडलेलं शेवाळ हातात घेऊन विचारत होते, "गुणाजी, सावलीत वाळवायचं सांगितलं होतं ना? उन्हाने त्यातला जोर जातो."

मला मेलीला काय ठाऊक? दारातच थिजले. ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"चुकलं सर. मीच उन्हात घातलं."

मी तोंड उघडत होते, तर डोळ्यांनीच गप्प केलं.

पुढच्या ओहोटीला हे पुन्हा खडकांवर गेले. ओलं शेवाळ आत खाटेवर सावलीत पसरलं आणि स्वतः जमिनीवर आडवे झाले. त्या अर्काने दुसऱ्या टाकीतले मासे तगले. पण तोवर सरांनी दुसऱ्याच शिपायाचं नाव वर धाडलं होतं.

हे मला एका शब्दाने बोलले नाहीत हो. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.