मामाजींना लघवी झाली

लग्न होऊन दिघोरीला आले तेव्हापासून माझे सासरे माझ्याशी मोजकंच बोलत. "बाई, पाणी आण," नाहीतर "बाई, गाय सुटली." मी पदर सावरून हो म्हणायची. त्यांना मी मामाजी म्हणते.

त्या वर्षी धानाच्या रोवणीत चिखल तुडवून त्यांचे गुडघे धरले. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या ते सकाळ-संध्याकाळ घेऊ लागले, तेही कित्येकदा उपाशीपोटी. गोळी घेतली की शेतात जाता यायचं, म्हणून कोणी काही म्हटलं नाही. मग त्यांना हगवण-उलटी लागली. पोटात पाणी ठरेना, पण गोळी चुकली नाही. हगवण थांबली तशी पावलं सुजली, तोंड फुगलं, दम लागू लागला.

सासूबाईंनी मला चुलीजवळ बोलावून हळूच सांगितलं, "कालपासून यायले लघवीच नाई झाली. सुनेले सांगू नोको म्हणत होते."

आम्ही त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. रक्ताचे रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय काय औषधं घेता?" सासूबाईंनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून पुढे ठेवलं.

"अंगातलं पाणी कमी झालेलं आणि वरून या गोळ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यानं किडनीला मार बसलाय. अचानक झालंय, त्यामुळे सुधारण्याची आशा आहे. पण आत्ता डायलिसिस लागेल."

सासूबाई मटकन खाली बसल्या. आमच्याकडे डायलिसिस म्हणजे जन्माचं लागलं असंच समजतात. "काही दिवसच, आई," असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा समजावलं, तेव्हा त्या उठल्या.

माझे पती वरठीच्या कारखान्यात. ते ड्यूटी करून रात्री थांबत, दिवसा मी. लघवी किती झाली ते मोजून नर्सला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मामाजींना मेल्याहून मेल्यासारखं होई. भांडं माझ्या हाती देताना ते डोळे मिटून घेत. त्यात असायची तळाशी थोडी, काळ्या चहासारखी. गावाहून फोन आला की तोच प्रश्न, "झाली का?"

दुसऱ्या डायलिसिसनंतर एका दुपारी सासूबाई चहा आणायला गेल्या होत्या. मी व्हरांड्यात उभी होते. आतून हाक आली, "बाई, इकडं ये."

मामाजी भांडं दोन्ही हातांनी धरून बसले होते. "पाह्य बरं. अर्ध्याच्या वर हाय."

मी ते खिडकीशी नेऊन पाहिलं. रंगही उजळला होता. "खूप झाली, मामाजी."

"मले वाटलंच," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले, मग स्टुलावर बसून पदरात तोंड घालून रडले.

"रडून काहून राहिली? झाली ना आता."

त्यानंतर ती होतच राहिली. तिसरं डायलिसिस लागलं नाही. विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घ्यायची नाही, अशी ताकीद घेऊन आम्ही निघालो. पुढच्या तपासण्यांतही रक्त ठीक आलं.

दवाखान्यातून सुटलो त्या दिवशी घरी परतताना लाखनीला गाडी थांबवली. मामाजींनी आलूबोंडा मागितला. सासूबाईंनी अर्धा मोडून दिला, अर्धा स्वतः खाल्ला. गाडी पुढे निघाल्यावर मामाजी सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपले. माझ्यादेखत ते असे कधी बसले नव्हते. सासूबाई दिघोरी येईपर्यंत हलल्या नाहीत.