एक डोळा झाका, पाटी वाचा

आमच्या रिक्षाकाकांचा आईबापांच्या नजरेवर काडीचाही विश्वास नव्हता. "तुमाला पोराचे मार्क दिसतात. पोराला काय दिसतं, ते नाय दिसत," असं ते तोंडावर सांगायचे.

काका मूळ कामोठे गावातले. आमच्या सेक्टरमधल्या सहा मुलांना ते शाळेत न्यायचे, त्यात पहिलीतली माझी सईही होती. कोपऱ्यावरच्या जुळ्या बहिणींना रोज उशीर व्हायचा. तेवढ्या वेळात रिक्षात एक खेळ चालायचा. एक डोळा तळहाताने झाकून समोरच्या दुकानाची पाटी वाचायची, मग दुसरा झाकून पुन्हा तीच. "काका, डॉक्टरकी कधीपासून सुरू केलीत?" असं मी एकदा चेष्टेने विचारलंही होतं. ते हसले नाहीत.

खेळात एक गोम होती, ती काकांच्याही ध्यानात आली नव्हती. रोज वाचून मुलांना पाटी पाठ झाली होती. मग एका रविवारी स्टेशनरीचं दुकान गेलं आणि तिथे केकचं आलं. सोमवारी सईने डावा डोळा झाकला आणि घडाघडा वाचलं, "वह्या, पुस्तके, स्टेशनरी." मुलं खो खो हसली.

एरवी काका गेटबाहेरूनच हाक मारत. त्या दुपारी तीन मजले चढून आले. "ताई, सईला उजव्या डोळ्याने दिसत नाय. आजच दाखवा."

मला रागच आला. घरी टीव्ही तर नीट बघते! मान तिरकी करून बघायची, पण तिची आजी म्हणायची, लाडात आली की करते. मलाही ते गोड वाटायचं. माझा चेहरा बघून काका दारातच थांबले. "माझी थोरली दहावीपर्यंत एकाच डोळ्यावर चालली. आमाला कळलंच नाय. डॉक्टर बोलला, लय उशीर केलात. मी पोरीला विचारलं, तू बोलली का नाय? तर बोलते, बाबा, मला वाटलं सगळ्यांना असंच दिसतं."

माझा राग तिथेच उतरला.

सईच्या उजव्या डोळ्याला मोठा नंबर निघाला. मेंदूने तो डोळा वापरणंच सोडलं होतं. चष्मा लागला, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाल्या. मी मान खाली घातली, कारण आणणारी मी नव्हतेच. पट्टी लावून शाळेत जायचं म्हणून सई रडली. दुसऱ्या दिवशी रिक्षाच्या आरशाला लटकणाऱ्या बाहुलीच्याही डोळ्यावर पट्टी होती. सई मुकाट्याने आत बसली.

हळूहळू तिचा डोळा सुधारला. ती सहावीत गेली तेव्हा केकचं दुकान जाऊन तिथे मोबाइलचं आलं. सई म्हणाली, "काका, आज तुम्ही वाचा." काकांनी हसत एक डोळा झाकला आणि वाचलं, "केक."

कुणीच हसलं नाही. शाळा दोन मिनिटांवर होती, तरी काकांनी रिक्षा तिथेच बंद केली. सगळ्यांना हाताला धरून चालत शाळेत पोचवलं.

आठवड्याने ते पुन्हा तीन मजले चढून आले. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली सांभाळायची होती. "आता कायमचीच दुसरी रिक्षा बघा, ताई. पोरांचं बघत बसलो, माझं बघायचं राहून गेलं." मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. "चहा घ्या" एवढंच मी बोलले.

निघताना ते कठडा चाचपत उतरू लागले. सई चपला न घालताच धावली आणि त्यांचा हात धरून एक पायरी पुढे झाली. मी दारात उभी होते. खालून तिचा आवाज येत राहिला, "काका, अजून एक. अजून एक. हं, ही शेवटची."