मेंढरांना दिलेली नोटीस

आमच्या खोऱ्यात कायद्याचे राज्य प्रथम मी आणले. ते दीड दिवस टिकले.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या वाटेवर आमचे गाव. तोपर्यंत त्या वाटेने पुण्याला जाऊन लोक हमाल झाले होते, पोलीस झाले होते, एक जण तर तालमीचा वस्ताद झाला होता, पण एलएल. बी. कुणी झाले नव्हते. ते मी झालो. यात माझ्या बुद्धीचा वाटा किती, हे परीक्षकांनी कधी उघड केले नाही. म्हशींचा वाटा मात्र साऱ्या गावाला ठाऊक होता. आमच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. एक फर्स्ट एलएल. बी.च्या फीसाठी विकली, दुसरी सेकंड एलएल. बी.च्या. (अभ्यासक्रम दोनच वर्षांचा होता, हे आमच्या बैलांचे नशीब.)

निकाल लागला आणि वकिलीची सनद येईपर्यंत मी घरी येऊन राहिलो. गावाने माझा सत्कार ठरवला. शनिवारी, मारुतीच्या देवळात. मानपत्र लिहायचे काम शाळेच्या गुरुजींकडे आले. गुरुजींनी त्याआधी बदली होऊन गेलेल्या एका फौजदाराचे मानपत्र लिहिले होते आणि नाव बदलून तेच वापरावे असा त्यांचा विचार होता. पण 'चोऱ्यांना आळा घातला' हे वाक्य माझ्यावर बसेना. म्हणून बुधवारी संध्याकाळी ते घरी आले.

"पदवी लिहिली. नम्र स्वभाव लिहिला. मातृभक्ती लिहिली," ते म्हणाले. "आता हे बघा, इथं 'समाजकार्य' म्हणून चार बोटं जागा सोडलीय. तिथं काय घालू?"

"गुरुजी, पदवी आत्ताच तर मिळाली."

"ते खरं. पण मोकळी जागा वाईट दिसते. शनिवारपर्यंत काही करता का?"

आता समाजकार्य ही काही दाढी नव्हे, की सकाळी उठून करून टाकावी. पण ती चार बोटे जागा रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे राहिली.

गुरुवारी सकाळी काळा कोट घालून मी ओढ्याकडे फिरायला निघालो. (वैशाखात काळा कोट घालायला कायद्याचेच शिक्षण लागते.) हातात शनिवारच्या भाषणाचे कागद होते. विषय 'कायदा आणि शेतकरी'. ओढ्याकाठी आमचे खाचर. घरातला वर्षाचा भात त्या एका खाचरावर. ओढ्याच्या अलीकडे इंग्रज सरकारचा अंमल आणि पलीकडे भोर संस्थानचा. मध्ये उन्हाळ्यात घोटाभर पाणी. पाहतो तो खाचरात मेंढरेच मेंढरे. बांधावर घोंगडी टाकून एक म्हातारा धनगर तंबाखू मळत बसला होता.

दुसऱ्या कुणाला तिथे मेंढरे दिसली असती. मला अतिक्रमण दिसले.

"हे शेत कुणाचं, ठाऊक आहे का?" मी विचारले.

"आबांचं," तो म्हणाला. "तुमी कोन?"

"मी त्यांचा मुलगा. वकील."

"हां हां. म्हशी इकल्या त्ये."

मी तिकडे दुर्लक्ष केले. "नाव काय तुमचं?"

"धुळाबा. कोकनातनं आलुया, देशावर निगालुया."

"मग वाटेत आमच्या शेतात मेंढरं कुणाच्या परवानगीने बसवलीत?"

"आबांच्याच. त्यांनीच बलावलं आमास्नी."

"लेखी आहे?"

धुळाबाच्या तळहातावरची तंबाखू तळहातावरच राहिली. "मेंढरं बसवायला लेखी?"

"तोंडी परवानगी कुणीही सांगेल. सगळे आरोपी हेच म्हणतात," मी म्हणालो. (मी तोपर्यंत एकही आरोपी पाहिला नव्हता.)

धुळाबाने माझ्या कोटाकडे पाहिले. मग ओढ्यापलीकडे पाहिले. पलीकडच्या बांधावर दगडूतात्या उभे होते. तात्या म्हणजे आबांचे चुलत भाऊ. शेत संस्थानात, घरही संस्थानात. दुसऱ्याच्या पंगतीकडे पाहावे तसे ते आमच्या खाचराकडे पाहत होते.

"मंग जावं म्हंता?" धुळाबाने विचारले.

"ताबडतोब."

"तसं लिवून द्या."

"काय?"

"जा म्हनून. कागुद आसला म्हंजे बरं. उद्या आबा म्हनायचे, धुळा, जबान दिऊन पळालास."

मला भरून आले. ज्या खोऱ्यात सातबाऱ्याचा उतारासुद्धा लोक चुलीत घालत, तिथे एक अडाणी माणूस आपण होऊन लेखी नोटीस मागत होता! मी भाषणाचे एक पाठकोरे पान उलटले आणि बांधावर बसून माझ्या आयुष्यातली पहिली नोटीस लिहिली. 'आमचे अशील यांचे मालकीचे व वहिवाटीचे शेतात तुम्ही बेकायदेशीर रीतीने मेंढरे बसविली असून...' अशी सुरुवात होती. (अशील म्हणजे आबा. त्यांना विचारायचे तेवढे राहिले होते.) धुळाबाने कागद कपाळाला लावला, मुंडाशात खोचला आणि एक शीळ घातली. मेंढरे उठली, ओढा ओलांडून संस्थानात गेली आणि तात्यांच्या शेतात बसली.

घरी आलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. टोपल्यात चळत झाली होती.

"एवढ्या भाकऱ्या कुणाला, आई?"

"धनगरांस्नी. तुझं आबा नसरापूरला गेल्यात त्यांच्यासाठी बाजरी आनाया."

"कोणत्या धनगरांना?"

"आता काय सांगू बाबा तुला. मेंढरं बसवलीत न्हवं आपल्या खाचरात? तुजं भाषेन चाललं व्हतं म्हनून बोलले न्हाई. एलेल्बी मानसाम्होरं लेंड्यांच्या गोष्टी कशाला करायच्या."

मी पाटावर बसलो. लहानपणापासून मी पुण्याला वसतिगृहात. आमच्या घरी म्हशी होत्या तोवर शेणखताला तोटा नव्हता आणि मेंढरे बसवायची वेळ कधी आली नव्हती. मेंढरांच्या लेंड्या-मुताने जमीन धरते, त्यासाठी शेतकरी धनगरांच्या पाया पडतात, वर बाजरी आणि जेवण देतात, हे मला आईने त्या दिवशी भाकरी थापता थापता सांगितले. म्हशी गेल्या, नुसत्या बैलांचे शेण पुरेना, म्हणून यंदा मेंढरे. आबा चार दिवस कोकणाच्या वाटेवर धुळाबाची वाट बघत बसले होते. औंदा खाचराला खत मिळाले नाही तर पुढच्या वर्षी खायचा भात विकत आणावा लागणार होता.

"आई," मी म्हणालो, "मी त्यांना हाकललं."

आईचा हात परातीत थांबला. "कुनाला?"

"मेंढरांना. कायदेशीर नोटीस देऊन."

आईने तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती जळाली. आमच्या घरात भाकरी जळाल्याचे मला तेवढेच आठवते.

इतक्यात खांद्यावर बाजरीचे पोते घेऊन आबा आले. "सांग त्यास्नी," आई म्हणाली.

"आबा, आपल्या खाचरात अतिक्रमण झालं होतं," मी म्हणालो. "ते मी दूर केलं."

"कशाचं?"

"मेंढरांचं."

आबांनी पोते खाली ठेवले. एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा गोठ्यातल्या म्हशींच्या रिकाम्या दाव्यांकडे. मग पायातले जोडे न काढताच ते वळले आणि ओढ्याकडे चालू लागले. मी मागोमाग. काळा कोट अजून अंगातच होता.

पलीकडे तात्यांच्या शेतात मेंढरे निवांत रवंथ करत होती.

"बलाव त्यास्नी माघारी," आबा म्हणाले.

"आबा, पलीकडे संस्थानची हद्द आहे. तिथं मला वकिली करता येत नाही."

"बोलता येतं का?"

मी ओढ्यात उतरलो आणि नोटीस मागे घेत असल्याचे जाहीर केले. धुळाबाने मुंडाशातला कागद चाचपला. "वकीलसायेब, तुमीच म्हनला, तोंडी काय खरं न्हाई."

मग भाषणाच्या दुसऱ्या पानावर मी नोटीस रद्द केल्याचा कागद लिहून दिला. तो तात्यांनी मध्येच घेतला, उभा-आडवा करून पाहिला.

"कागुद झ्याक हाय," ते म्हणाले. "पर त्यो तिकडल्या आमलातला. हिकडं संस्थानचा शिक्का लागंल. तुमास्नी म्या काय सांगावं? तुमी शिकल्यालं."

"दगडू," आबा म्हणाले, "काय कबूल केलंस त्याला?"

"तुज्यापरास वाईच जास्त बाजरी. आन मटनाचं जेवान. काल सांजच्यालाच इचारलं व्हतं म्या. म्हनला, आबांस्नी जबान दिलीया, मोडता येत न्हाई." तात्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. "आज तुज्या पोरानं सोडवला बघ त्याला."

आबा वळून घराकडे चालू लागले. मेंढरे जागची हलली नाहीत.

शुक्रवारी पहाटे मी संस्थानचा शिक्का आणायला भोरला निघालो. नसरापूरपर्यंत बैलगाडी, पुढे सर्व्हिस मोटार. भाटघरपाशी मोटार तापली म्हणून पाणी घालायला थांबली. उतारूही सावलीत थांबले, एकटा मी कोटामुळे मोटारीइतकाच तापून उन्हात उभा राहिलो. (सावलीत जागा होती; पण तिथे आमच्या गावचा माणूस होता.) कचेरीत एका कारकुनापुढे उभा राहिलो.

"आपल्याला इथली सनद आहे?" त्याने विचारले.

"नाही."

"पुण्याची?"

"यायची आहे."

"बरं. तक्रार काय?"

"वडिलांच्या शेतातून मेंढरं निघून गेली."

"चोरीला?"

"नाही. हाकलली."

"कुणी?"

इथे मी थोडा खोकलो. "मी."

कारकुनाने टाक दौतीत ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "असं करा," तो म्हणाला, "घरातल्या घरात मिटवा. अगदीच नाही जमलं, तर एखादा वकील बघा."

संध्याकाळी परत आलो तेव्हा धुळाबाचा शेवटचा मुक्काम चालू होता. तात्यांकडच्या रश्श्याचा वास ओढा ओलांडून इंग्रजी हद्दीत येत होता. सकाळी मेंढरे देशाकडे निघून गेली.

सत्कार मात्र झाला. सत्कार एकदा ठरला की तो कर्तृत्वासाठी अडून राहत नाही. देवळात गाव जमले. पहिल्या ओळीत आबा बसले होते. तात्या पलीकडून हार घेऊन आले होते; एवढा मोठा हार आमच्या गावाने फौजदारालासुद्धा घातला नव्हता. गुरुजींनी मानपत्र वाचले. पदवी, नम्र स्वभाव, मातृभक्ती. मग जरा थांबून, घसा साफ करून, "समाजकार्य," ते म्हणाले. "यांच्या कायद्याच्या ज्ञानाचा लाभ शेजारील संस्थानच्या प्रजेसही झाला आहे."

तात्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

माझ्या भाषणाची दोन पाने संस्थानात राहिल्यामुळे भाषण आटोपशीर झाले. लोकांना ते फार आवडले. शंका असतील तर विचारा, असे मी म्हटल्यावर मागून एक जण उठला.

"वकीलसायेब, माज्या परड्यात शेजाऱ्याची म्हस रोज शेन टाकती. तिला नोटीस देऊ नगा म्हनून तुमाला अर्ज करायचा, तर त्यो कुठं करायचा?"

आबा तेव्हा हसले. गुरुवारपासून पहिल्यांदा. मला बरे वाटले आणि तेवढ्यात ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "त्याच्याकडनंच सुरवात कर."

ती माझी शिक्षा होती. पेरणीपर्यंत मी रोज सकाळी घमेले घेऊन गावात शेण मागत फिरलो. एलएल. बी. झालेला माणूस दारात आलेला पाहून म्हाताऱ्या बायका पदर सावरत आणि आत हाक मारत, "अगं, वकीलसायेब आल्यात, शेन काढून ठिवा." कुणी नाही म्हटले नाही. पण दोन म्हशींची भरपाई दारोदारच्या घमेल्यांनी होत नसते. त्या वर्षी आमच्या खाचरात भात गुडघ्याला लागला. पलीकडे तात्यांचा कमरेच्या वर उभा होता आणि वारा सुटला की आमच्याकडे बघून डोलत होता.

दिवाळीनंतर मळणी झाली तेव्हा तात्या बैलगाडीतून एक पोते तांदूळ घेऊन आमच्या दारात आले.

"ह्ये कशाचं, दगडू?" आबांनी विचारले.

"वकीलसायबांचं. त्यांनी कागुद लिवला म्हनून त्यो भात झाला. फुकट काम घ्यावं असं न्हाई."

आबांनी माझ्याकडे पाहिले. मी पोत्याकडे पाहिले. एका हाताने पोते धरून आबांनी ते आत ओढले.

पुढे सनद आली, वकिलीही बरी चालली. पण धंद्यातली माझी पहिली फी तीच, आणि ती प्रतिपक्षाकडून आली. तांदूळ चांगला होता.