मोजून वाढणारी वैनी

अण्णांचा हात दुसऱ्या भाकरीकडे निघाला की वैनी भाकऱ्यांची बुट्टी उचलून स्वतःच्या पाठीमागे ठेवायची आणि म्हणायची, "भूक न्हाई ती, सवय हाय." बुट्टी मागे गेली म्हणजे जेवण संपलं. नवऱ्यानं त्यावर काही बोलायची सोयच नव्हती.

तिच्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या मध्ये फक्त एक बोळ. खिडकीसमोर खिडकी. त्यामुळे अण्णांची उपासमार मी रोज ऐकली. तुमच्याही पेठेत असेल अशी एखादी, जिच्याकडे जेवायला जाण्याआधी पाहुणा घरूनच थोडं खाऊन निघतो.

अण्णा तरुणपणी तालमीत घुमलेले, पुढे बिद्रीच्या साखर कारखान्यात नोकरीला. तालीम सुटली, तालमीतली भूक तेवढी राहिली. त्यांना शुगर निघाली तेव्हा गल्ली म्हणाली, "कारखान्यातनं पोतं आणू देत न्हाईत, म्हणून अंगातनं आणली." पायाला जखम झाली, ती काही केल्या भरेना. डॉक्टरांनी कागदावर ताट काढून दाखवलं. अर्ध्या ताटात भाजी, उरलेल्यात थोडी भाकरी आणि थोडी डाळ नाहीतर मटण. दुसरी एखादी घरी येईपर्यंत विसरली असती. वैनीनं नातवाचं खणाखणांचं ताट काढलं, सशाचं चित्र असलेलं, आणि पैलवानाला त्यात वाढायला सुरुवात केली.

एकदा हातकणंगल्याला लग्न होतं. आमच्याकडे पंगतीत ताटावर हात आडवा धरणाऱ्याला दुप्पट वाढायची रीत. वैनीनं भर पंगतीत पिशवीतून सशाचं ताट काढून अण्णांपुढे मांडलं. जिलबीवाला थबकला, आजूबाजूचे फिदीफिदी हसले.

"हसा पावणं," वैनी म्हणाली. "तुमचा पाय कापला की मी बी हसायला येतो."

पंगत गार पडली. हसले ते फक्त अण्णा. "उभ्या जल्मात कुणी माझी पाठ मातीला लावली न्हाई," ते म्हणाले. "हिनं सशाच्या ताटात लावली."

पण जखम भरली, हे मान्य करायला हवं. शुगर उतरली, अण्णा पुन्हा रंकाळ्याला चालत जाऊ लागले. मग मात्र वैनीला आवरणं अवघड झालं. ती लोकांच्या ताटात डोकावू लागली. माझ्या लेकीचा भात बघून म्हणाली, "ह्यो डोंगर चढून पोरगी पल्याड कधी जायाची?" पोरगी ताटावरून उठली. मी वैनीशी आठवडाभर बोलले नाही आणि तिला ते कळलंही नाही.

पुढे अण्णांचा सदरा अंगावर लोंबू लागला. सशाच्या ताटातलंही ते अर्धं ठेवून उठायचे. वैनीला आकाश ठेंगणं झालं. "बघा, मोडली का न्हाई सवय?" असं दारोदार सांगत फिरली. गल्लीनं तोंडभरून कौतुक केलं. बायका आपापल्या नवऱ्यांना अण्णांचं पोट दाखवू लागल्या.

अण्णांच्या पोटात अन्न ठरेनासं झालं तेव्हा तपासण्या झाल्या. जठरात गाठ होती आणि ती फार पसरली होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "हे कमी खाल्ल्यामुळे झालेलं नाही. त्या पथ्यानं तर पाय वाचला. आता पथ्य सोडा. मागतील ते द्या, मागतील तेवढं द्या."

त्या दिवशी बोळात तांबड्या रश्श्याचा असा वास सुटला की गल्लीतली कुत्री गोळा झाली. पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकऱ्यांची चळत. वैनीनं मोठं ताट भरून अण्णांपुढे ठेवलं. 

"आता वाढतीस व्हय गं?" ते म्हणाले.

थट्टाच केली त्यांनी, जन्मभर करत आले तशी. पण ती फार वाईट लागली. वैनी घास धरून "माझ्यासाठनं एक, एकच" म्हणत राहिली. अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

ते गेल्यावर रक्षाविसर्जनाला पाहुण्यांनी कावळ्यांपुढे ठेवायला डबे भरभरून आणले, गोडाधोडाचे, मटणाचे. घाटावरच बायका कुजबुजल्या, "जित्तेपणी कोरभर भाकरीला म्हाग केला, आता कावळं जेवत्यात." काही महिन्यांपूर्वी कौतुक करणारी तोंडं हीच. डॉक्टर काय म्हणाले ते मी दोघीतिघींना सांगून बघितलं. ऐकायची कुणाची तयारीच नव्हती. मला गल्लीची शिसारी आली.

दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण पोचवतात. आमच्या शेजाऱ्यांनी ताटं शिगोशीग भरून नेली. "खावा वैनी पोटभर. आता कोण आडवतंय तुम्हास्नी?" असं म्हणायचं आणि ती खाते का ते बघत समोरच बसायचं. वैनी मान खाली घालून खायची. सगळं. भाताचं शीतही ठेवायची नाही. दुखवटा संपला, तरी चवीला म्हणून वाट्या येत राहिल्या आणि ती संपवत राहिली. पाय सुजले, दोन पावलांत धाप लागू लागली. रक्त तपासलं तर शुगर तिलाही निघाली. गल्लीला ते कळलं. वाट्या थांबल्या नाहीत.

वैनीची लेक तिला कायमची इचलकरंजीला न्यायला आली, त्या सकाळी कुणीतरी बासुंदीचं पातेलं पाठवलं होतं. लेक आत सामान बांधत होती. वैनी जमिनीवर बसून वाटीमागून वाटी खात होती. मी दारात उभी होते. मला बघवेना.

"बास करा वैनी," मी ओरडलेच. "मरायचं हाय का तुम्हास्नी?"

तिचा चमचा थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, उलट चेहरा सैल पडला.

"एवढं म्हणायला किती उशीर केलासा," ती म्हणाली. "मी रोज वाट बघत हुतो, कुणीतरी आडवंल म्हणून."

आणि ती रडली, नवरा गेल्यावर पहिल्यांदाच. तोंडातला घास तिला गिळताही येईना आणि टाकताही येईना.