अनामिकेचा डोंगर

अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या नीलाताई दोन वर्षं दर गुरुवारी लिनबाईंकडे चिनी शाईचे डोंगर काढायला शिकत होत्या. शाईची कांडी दगडावर पाणी घालून उगाळायची, हे मात्र त्यांना शिकवावं लागलं नाही. जन्मभर सहाणेवर चंदन उगाळलेला हात तो!

पण लायब्ररीतल्या प्रदर्शनासाठी बाईंनी त्यांचं चित्र दोनदा परत केलं होतं. "डोंगर सुरेख. पण हा माझा डोंगर झाला. तुझा कुठाय?" कुंचल्याची रीत जुनी हवी, मांडणी मात्र आजची आणि स्वतःची, असा बाईंचा हट्ट. तिसऱ्यांदाही परत आलं तर क्लास सोडायचा, असं नीलाताईंनी देवासमोर बसून ठरवलं होतं.

चित्र द्यायच्या दिवशी सकाळी त्या शेवटच्या गवताच्या चार काड्यांसाठी शाई उगाळत होत्या. तोंडानं स्तोत्र चालू. स्तोत्र संपलं आणि सवयीनं अनामिका शाईत बुडाली, ती थेट समोरच्या डोंगराच्या माथ्यावर टेकली. देवाला गंध लावावं तशी.

काळाकुट्ट ठिपका! कागद असा की पडेल ते पिऊन टाकतो. पुसायची सोय नाही.

"आई! व्हॉट डिड यू डू?" लेक केया ओरडली.

चारुदत्त कॉफीचा मग घेऊन डोकावले. "चला, डोंगराची पूजा झाली. आरती कधी?"

"तुम्ही जरा गप्प बसा हो!"

नीलाताई ठिपक्याकडे बघत राहिल्या. एकटा ठिपका म्हणजे डाग. पण रांगोळीत ठिपका कधी एकटा असतो का? त्यांनी पुन्हा बोट बुडवलं. माथ्याखाली दोन, त्याखाली तीन. दर ओळीला शाईत थोडं पाणी वाढवत गेल्या. पायथ्याशी तेरा ठिपक्यांची ओळ आली ती इतकी फिकी, की धुकंच उतरलं म्हणावं.

दुपारी लिनबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. चित्राला नाक लावून बघितलं.

"हे कुठल्या कुंचल्यानं?"

नीलाताईंनी काळं बोट पुढं केलं. बाई खळखळून हसल्या.

"आमच्याकडेही जुने लोक बोटानं काढायचे. पण असं मोजून मांडलेलं धुकं मी नाही पाहिलं. हा तुझा डोंगर!"

चित्र लायब्ररीच्या दारासमोरच्या भिंतीवर लागलं. चारुदत्त येईल त्याला थांबवून सांगत होते, "बोट आमच्या हिचं!"

"अहो, पुरे," नीलाताई म्हणाल्या, "आणि गुरुवारी ऑफिसातून वेळेवर या. क्लासला सोडायचंय मला."