गालातला श्वास

जव्हारला माझं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर बसून बसून मला एक खोड लागली आहे. समोरचा माणूस काय बोलतो यापेक्षा तो तसं का बोलतो, हे मी आधी बघते. नवरा म्हणतो, देव दारात आला तरी तू त्याचं आधार कार्ड मागशील. मागीनच.

त्यामुळे पोशेऱ्याजवळच्या पाड्यावरून भावाचा फोन आला, की नाचात भोपळ्याचा तारपा वाजवता वाजवता बाबाचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली आणि थोड्या वेळानं सगळं आपोआप ठीकही झालं, तेव्हा माझा पहिला संशय ताडीवर गेला आणि दुसरा विडीवर. भावाचं वेगळंच. कुणीतरी केलंय, भगताला विचारू, असं त्याचं चाललं होतं. बाबाला स्वतःला कशाचाच संशय नव्हता. "मना काय नाय झाला," एवढंच तो म्हणत राहिला.

मोखाड्याच्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि आम्हाला नाशिकला पाठवलं. तिथं मानेतून मेंदूकडे जाणारी डावी नस अरुंद झालेली निघाली. शस्त्रक्रिया करावी लागेल, पण त्याआधी आतल्या नसांचा जोर बघू, असं तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली. तिनं बाबाच्या दोन्ही कानशिलांना यंत्र लावलं. खोलीभर रक्ताचा घूंऽऽ घूंऽऽ असा आवाज घुमू लागला. बाबा कान देऊन ऐकत होता, सूर तपासावा तसा.

"बाबा, आता श्वास रोखून धरा."

बाबानं गाल फुगवले आणि स्तब्ध बसला. आवाज होता तसाच राहिला. डॉक्टरिणीनं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच.

तिनं मला बाहेर नेऊन समजावलं. श्वास धरला की रक्तात एक वायू साठतो, आणि तो साठला की निरोगी मेंदूतल्या नसा रुंद होतात, जास्त रक्त सोडतात. आजारी बाजूची नस आधीच असेल तेवढी ताणून बसलेली असते, तिला आणखी रुंद व्हायला जागा नसते. "तुमच्या वडिलांच्या दोन्ही बाजू हलल्या नाहीत. असं असेल तर शस्त्रक्रियेचा पुन्हा विचार करावा लागेल. आणखी तपासण्या करू."

आणखी तपासण्या म्हटल्यावर माझ्या डोक्यात जे यायचं ते आलंच. मी सरळ विचारलं, "दोन्ही बाजू खराब, तर एकच हात कसा गेला?" मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "तेच मलाही खटकतंय." हे ऐकून मला जास्तच भीती वाटली. तिला खटकत होतं म्हणजे ती मला फसवत नव्हती, आणि मग बाबा खरंच वाचणार नव्हता.

पाड्यावर परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चुलीपाशी उकिडवा बसून फुंकणीनं विस्तव पेटवत होता. ओली लाकडं, नुसता धूर. मी भाकरीचं पीठ मळता मळता त्याच्याकडे बघत होते. तो फुंकत होता, फुंकतच होता, मध्ये दम घ्यायला थांबतच नव्हता. गाल भरलेले, आणि नाकपुड्या मात्र हळूच हलत होत्या.

तारपा असाच वाजतो. भोपळ्यात हवा अखंड जायला लागते, सूर तुटला की नाचणाऱ्यांचे पाय चुकतात. लहानपणी पाण्यात पोकळ काडी घालून बुडबुडे न तोडता फुंकायला शिकवतात. गालातली हवा बाहेर चालू असताना नाक आत हवा घेतं.

मी स्टीलची वाटी आणली. "बाबा, डॉक्टरिणीपुढं धरला होतास तसा श्वास धर."

त्यानं गाल फुगवले. मी वाटी नाकाखाली धरली. वाटीवर वाफ धरली, गेली, पुन्हा धरली.

"तू श्वास घेतोयस."

"नाय. धरलाय ना मी." त्यानं वाटी माझ्या हातातून घेतली आणि उलटसुलट करून बघितली. तो खोटं बोलत नव्हता. त्याचं नाक त्याला न विचारताच काम करत होतं.

आम्ही पुन्हा नाशिकला गेलो. डॉक्टरीण मनापासून हसली, मग मला म्हणाली, "नाक तुम्हीच दाबा." मी दाबलं. बाबाचे डोळे मोठे झाले आणि उजव्या कानशिलाचा आवाज चढत गेला. मला रडू फुटलं. डाव्या बाजूचा आवाज जिथल्या तिथेच होता.

एक बाजू धडधाकट होती, म्हणून शस्त्रक्रिया ठरली. तोवर रोज गोळी, विडी बंद आणि तारपा बंद. जोरात फुंकलं की तोच वायू रक्तातून निघून जातो, नसा आक्रसतात आणि दुबळ्या बाजूला रक्त पुरत नाही. हात वाजवतानाच का गेला ते आता कळलं. बाबा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "तोवर ना?"

त्या "तोवर"वर माझा काडीचा विश्वास नव्हता. दुकान नवऱ्यावर टाकून मी पाड्यावर राहिले. तारपा खुंटीला होता. वाजवला की फुंकेनं आत ओल धरते, म्हणून बाबा बाहेर गेला की मी भोपळ्याच्या तोंडात बोट घालून बघायची. रोज कोरडं असायचं.

काल बोट ओलं झालं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो ओसरीवर नागली पाखडत होता. "वाजवलास?"

"नाय. पान्यानं वला केला. सुकला तं तडकंल." मग सूप खाली ठेवून म्हणाला, "तू रोज बोट घालतस, मना ठावां आहे."

हाताची ताकद बघायला नाशिकच्या डॉक्टरिणीनं शिकवलं होतं तशी मी दोन बोटं त्याच्यापुढं केली. "उजव्या हातानं दाब."

त्यानं दाबली. हाडं दुखावीत इतकी दाबली. हात चांगला होता. पण तो वाजवला नाही म्हणून चांगला, की वाजवूनही वाचला, हे बोटांना कसं कळणार?

"पटला?" त्यानं विचारलं.

"पटलं," मी म्हणाले आणि बोटं सोडवायला गेले. त्यानं सोडली नाहीत. माझ्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच मला दिसलं की तोही घाबरला आहे.